पाय धुणारे सतरा

चर्चमधला शेवटचा बाक मनोहररावांचा होता. बाकावर नाव लिहिलेलं नव्हतं. पण मेजवानीला गेल्यावर शेवटच्या जागी बसावं असं प्रभूनं सांगून ठेवलेलं, त्यामुळे गेल्या अकरा वर्षांत ती शेवटची जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिली नव्हती. एखादा पाहुणा चुकून तिथे बसलाच तर मनोहरराव त्याला एक शब्द बोलत नसत. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून, हात बांधून, मान खाली घालून उभे राहत. दुसऱ्या गीतापर्यंत पाहुण्याला घाम फुटे आणि तो उठून पुढे जाई. मग मनोहरराव सुस्कारा टाकून बसत आणि डोळे मिटत.

त्यांच्या कोटाला कोपरावर ठिगळ होतं. कोट नवा होता. बर्डीच्या शिंप्यानं आधी त्याच कापडाचं ठिगळ लावून दिलं होतं, पण ते दिसेना, म्हणून मनोहररावांनी ते काढून तपकिरी लावून घेतलं. पत्राखाली ते ‘धुळीहून हलका’ अशी सही करत आणि त्याखाली ‘निवृत्त उपअधीक्षक’ असा शिक्का मारत. प्रार्थनेत ‘मी सर्वांत मोठा पापी’ असं ते दर रविवारी म्हणायचे. एका रविवारी कामठीहून आलेल्या एका साध्या माणसानं ‘मीपण’ म्हटलं, तर उपासना संपल्यावर त्याला बाजूला घेऊन समजावण्यात आलं.

हे सगळं विश्वनाथ खिडकीजवळच्या बाकावरून बघायचा. तो टपाल खात्यात निरीक्षक होता आणि वडीलमंडळाचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचा, बारा वर्षं चिटणीस होता. वाचन असलेला माणूस. मनोहररावांची त्याला किळस यायची. नुसता राग नव्हे, भाजीत अळी निघाल्यावर येते तशी किळस. रविवारी दुपारी जेवताना तो बायकोला, कुसुमताईला, त्यांची नक्कल करून दाखवायचा. नक्कल चांगली जमायची. देवानं आपल्याला निदान असं केलं नाही, असं वाटून त्याला जेवणही चांगलं जायचं.

त्र्याहत्तरच्या मार्चअखेर नव्या पाळकसाहेबांनी एक नवी गोष्ट काढली. ते नगरकडून जानेवारीतच आले होते. वयानं तरुण, आवाज मोठा. वडीलमंडळाच्या सभेत ते म्हणाले, “उत्तम शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी करू. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसा. बारा जणांचे पाय धुवायचे आणि मग प्रभुभोजन. दोन कागद दाराशी लावतो. ज्यांना पाय धुवायची इच्छा आहे त्यांनी एकावर नाव लिहावं, आणि ज्यांना धुऊन घ्यायचे आहेत त्यांनी दुसऱ्यावर.”

पुढच्या रविवारी विश्वनाथनं दोन्ही कागद काढून आणले. पहिल्यावर सतरा नावं होती. शेवटचं नाव मनोहररावांचं होतं. ते शेवटीच राहावं म्हणून त्यांनी उपासना संपून सगळे घरी जाईपर्यंत अंगणात वाट बघितली होती. दुसऱ्या कागदावर एक डास मारलेला होता.

“म्हणजे धुणारे सतरा आणि पाय एकाचेही नाहीत,” पाळकसाहेब म्हणाले.

“असं कसं लिहील कोणी?” मनोहरराव म्हणाले. “धुऊन घेणं म्हणजे मान घेणं. तो अहंकार आमच्या मंडळीत नाही.”

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचे पाय धुतले तो गरिबांत जमा झाला, आणि रेल्वेतला, शाळेतला, दवाखान्यातला पगारदार मनुष्य भर मंडळीत गरिबांत जमा व्हायला तयार नव्हता. नम्रता दाखवायला सगळे एका पायावर तयार होते. दुसऱ्याच्या नम्रतेखाली यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी ठरलं की पाय चिटणिसांनी शोधावेत.

घरी आल्यावर विश्वनाथनं सगळी सभा करून दाखवली. कुसुमताई खिडकीला गारव्यासाठी लावलेल्या खसच्या ताट्यांवर पाणी मारत होती. हसली, आणि मग म्हणाली, “अन् तुमचं नाव कोणत्या कागदावर आहे?”

“कोणत्याच नाही. मी त्या तमाशात नाही.”

“मग तिसरा कागद लावायला सांगा नं. बघणाऱ्यांचा.”

विश्वनाथनं ते मनावर घेतलं नाही. बायको कधीकधी तिरकस बोलायची.

अकरा पाय-मालक चार दिवसांत मिळाले. दोन रिक्षावाले, दवाखान्याचा म्हातारा माळी, हिंगण्याच्या कारखान्यात जाणारे तिघं आणि असेच आणखी पाच, अशी गोळाबेरीज झाली. बारावी रंभाबाई. साठीची बाई, चर्चच्या झाडझुडीचं काम तिच्याकडे. शनिवारी फरशी पुसायची, आणि प्रभुभोजनात भाकर आणि रस वाटून झाला की द्राक्षरसाचे ते अंगठ्याएवढे काचेचे पेले मागच्या नळावर धुऊन, पुसून पेटीत ठेवायची. पेले तिच्या हातून जायचे. त्यातला रस मात्र चार वर्षं तिच्या तोंडात गेला नव्हता.

झालं असं होतं की तिच्या मुलीनं इंदोऱ्यातल्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. लग्न भंतेजींनी लावलं. रंभाबाई गेली, पाहुण्यांना वाढलं, आणि सगळे वंदनेला उभे राहिले तेव्हा हात जोडून उभी राहिली. मनोहररावांनी हे वडीलमंडळापुढे ‘अतिशय जड अंतःकरणानं’ मांडलं आणि तिला प्रभुभोजनातून वगळण्यात आलं. वगळल्याचं पत्र विश्वनाथनंच लिहिलं होतं. ‘आत्मिक शिस्त ही मातेच्या हातासारखी असते, ती मारते तेव्हाही कुरवाळते’ हे वाक्य त्याचं. तेव्हा ते त्याला फार आवडलं होतं. तेव्हापासून भाकर वाटायची वेळ झाली की रंभाबाई आपली आपण उठायची, मागच्या नळाजवळ जाऊन बसायची, आणि गीत संपल्यावर पेले गोळा करायला आत यायची.

मागच्या उन्हाळ्यात तिनं पुन्हा घेण्यासाठी अर्ज दिला होता. तिला लिहिता येत नव्हतं. अर्ज जावयानं लिहून दिला होता, जाड कागदावर, मोत्यासारख्या अक्षरात. ‘माझ्या सासूबाईंना त्यांच्या प्रभूच्या पंगतीत परत बसवावे ही विनंती.’ विश्वनाथनं तो वाचला, त्याला गहिवरून आलं, आणि त्यानं तो फायलीत ठेवला. टपाल खात्यात त्याच्या हातात एकही पत्र एका दिवसाच्या वर राहिलं नव्हतं. हा अर्ज अकरा महिने राहिला. कारण साधं होतं: अर्ज मांडायचा म्हणजे मनोहररावांशी वाद घालायचा, आणि मनोहररावांशी वाद घालायचा म्हणजे मनोहररावांच्या पातळीवर उतरायचं. विश्वनाथला तेवढं खाली उतरवत नव्हतं.

तो गेला तेव्हा रंभाबाई चर्चच्या पायऱ्या झाडत होती.

“माहे पाय?” ती म्हणाली. “माहे पाय कोनाले पायजेत जी?”

“धुवायचे आहेत. विधी आहे.”

“मी त रोजच धुतो. काहून, बास येते का?”

“तसं नाही हो, रंभाबाई. प्रभूनं शिष्यांचे धुतले नाहीत का?”

“अन् धुनार कोन?”

“वडीलमंडळी. साहेबलोक.”

तिनं झाडू पायरीला टेकवला आणि आपल्या पायांकडे बघितलं. रुंद पाय, टाचांना भेगा, भेगांत मेण भरलेलं. “अन् मंग पंगत? प्रभूनं पाय धुतले अन् मंग त्याहीले जेवाले बसवलं नं? का धुऊन हाकलून देल्लं?”

विश्वनाथ हातातली यादी चाळायला लागला.

“पाय घ्या,” ती म्हणाली. “पन मले भाकर पायजे. माह्या अर्जीचं काय झालं?”

“बुधवारी सभा आहे. मी मांडतो.”

“तुमी मांडता म्हनल्यावर झालंच,” ती म्हणाली. “तुमी त्याहीच्यासारखे नाई.”

हे शेवटचं वाक्य विश्वनाथला घरापर्यंत पुरलं.

बुधवारी त्यानं अर्ज फायलीतून काढून खिशात घातला. सभा संध्याकाळी चारला सुरू झाली. कूलर होता, पण त्याचा आवाज पाळकसाहेबांपेक्षा मोठा असल्यामुळे तो बंद केला गेला. सतरा जणांना बारा जोड्या कशा वाटायच्या यावर पाऊण तास गेला. बारांनी धुवावं आणि पाचांनी पुसावं असं निघालं, पण पुसण्यात नम्रता कमी असल्याचं पाचांचं म्हणणं पडलं. त्यांना तांबे धरायला दिले. मग कुणी म्हणालं, पाण्यात डेटॉल टाकावं. मग ठरलं की सगळ्यांनी येण्याआधी नळावर साबणानं पाय धुऊन यावं.

“म्हणजे आपण धुतलेले पाय धुवायचे?” पाळकसाहेब म्हणाले.

“विधी मनाचा असतो, साहेब,” मनोहरराव म्हणाले.

आणि मग खरा वाद लागला. कोणाला कोणाचे पाय? माळ्याचे पाय चांगले होते, काळे, गाठी आलेले. त्यावर दोघांनी दावा सांगितला. कारखान्यातली पोरं बूट घालायची, त्यांचे पाय गुळगुळीत. ते कोणी घेईना. मनोहरराव इतका वेळ गप्प होते. आता उठले, कोपरावरच्या ठिगळावरून हात फिरवला आणि म्हणाले, “माझी काही मागणी नाही. जे कोणालाच नको असतील ते मला द्या. रंभाबाईचे द्या.”

“रंभाबाईचे मी मागणार होतो,” एक तांब्यावाला म्हणाला.

“बाबा रे, ज्येष्ठतेनं बघितलं तर…”

“नम्रतेत कसली ज्येष्ठता, मनोहरराव?”

“तेच म्हणतो मी. नम्रतेत ज्येष्ठता नसते. म्हणून मी मागत नाही. फक्त आठवण देतो.”

 एका म्हातारीच्या टाचांच्या भेगांवर ही माणसं तुटून पडली होती. खिशातला कागद विश्वनाथच्या मांडीला टोचत होता. आत्ता उठून एवढंच म्हणायचं होतं: पाय घेता तर पंगतही द्या. पाळकसाहेब नवे होते, त्यांना रंभाबाईचं प्रकरण ठाऊकच नव्हतं. बहुतेक तिथल्या तिथे सही केली असती. पण विश्वनाथ उठला नाही. या लोकांपुढे आपण तोंड उघडायचं? त्यानं वृत्तान्ताची वही पुढे ओढली आणि लिहिलं: ‘श्रीमती रंभाबाई यांच्या पायांवर साधकबाधक चर्चा होऊन ते मा. मनोहरराव यांस एकमताने देण्यात आले.’ वाक्य लिहून त्याला इतकं बरं वाटलं की सभा कधी संपली हे त्याला कळलं नाही.

घरी त्यानं ते वाक्य वाचून दाखवलं. कुसुमताई हसता हसता ताटावरून उठली. पाण्याचा तांब्या घेऊन परत आली आणि म्हणाली, “अन् रंभाबाईच्या अर्जाचं?”

“आज तसं वातावरण नव्हतं.”

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तांब्या त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

गुरुवारी पाच वाजता उपासना सुरू झाली. बाहेर ऊन अजून पांढरं होतं. वेदीपुढे बारा खुर्च्या होत्या. त्यांवर बारा जण पाय पोटाशी ओढून बसले होते. मनोहररावांनी घरून पितळेचं घंगाळ आणलं होतं, चिंचेनं घासलेलं. मिशनच्या मासिकात छापायला म्हणून सदर भागातून एक फोटोग्राफरही त्यांनी आणला होता. “माझ्यासाठी नाही,” ते ज्याला त्याला सांगत होते. “प्रभूच्या गौरवासाठी. मी फोटोत पाठमोरा असेन.”

रंभाबाईनं निळी नवी साडी नेसली होती. मुलीनं दिलेली असावी. विश्वनाथ जवळून गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, “झालं नं जी?” तो कामात असल्यासारखा मान हलवून पुढे गेला. ती मान ‘हो’ म्हणून हलली की ‘नंतर’ म्हणून, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. रंभाबाईनं मात्र पदर नीट केला आणि ताठ बसली.

मनोहररावांनी कोट न काढता गुडघे टेकले. तिचा उजवा पाय दोन बोटांनी, मेलेलं काहीतरी उचलावं तसा उचलून घंगाळात ठेवला. डेटॉलचा वास पुढच्या चार बाकांवर पसरला. मग त्यांना रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. बायकांनी मान वळवून बघितलं. पाणी ओतलं, पाय पुसला, आणि अगदी शेवटी, पायाच्या वर वीतभर हवेत, त्यांनी चुंबन घेतलं. पाठमोरे राहायचे ते नेमके त्याच वेळी वळले होते.

फोटोग्राफर म्हणाला, “साहब, बल्ब नहीं जला. एक बार और.”

 मग मनोहररावांनी रंभाबाईचा पुसलेला पाय पुन्हा घंगाळात ठेवला. पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा रडले. या वेळी जरा कमी, पण चेहरा प्रकाशाकडे होता. रंभाबाईनं एकदा खाली बघितलं आणि मग समोरच्या क्रुसाकडे बघत राहिली, दवाखान्यात सुई टोचून घेताना बघावं तशी.

विश्वनाथला त्या माणसाची किळस आली. आणि त्या किळशीखाली, तळाशी, एक गार सुख होतं: मी हा नाही. मी यांच्यातला नाही.

मग प्रभुभोजन. धुणारे आपापल्या जागी परतले, मनोहरराव शेवटच्या बाकावर. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि ताटं वडीलमंडळींच्या हाती दिली. पुढच्या रांगेचं ताट विश्वनाथकडे आलं. नेहमीप्रमाणे रंभाबाई उठेल म्हणून दोन-चार माना तिच्याकडे वळल्या. ती उठली नाही.

विश्वनाथ एकेका खुर्चीपुढे थांबत आला. रिक्षावाले, माळी, कारखान्यातले तिघं, बाकीचे पाच. बाराव्या खुर्चीपुढे आला. रंभाबाईनं उजवा तळवा डाव्यावर ठेवून पुढे केला. हात धुण्याभांड्यांनी पांढरा पडलेला. ती त्याच्याकडे बघत नव्हती; ताटाकडे बघत होती. चार वर्षांनी जवळून बघत होती.

अगदी मागून, शेवटच्या बाकावरून, एक खोकला आला. मोठा नाही. नम्र खोकला.

इतकी वर्षं ज्या माणसाची नक्कल केली, त्याच्या त्या एवढ्याशा खोकल्यावर विश्वनाथचा हात थांबला, आणि मग ताट घेऊन पुढे सरकला. पुढे खुर्चीच नव्हती. ताट रिकाम्या जागेपुढे क्षणभर उभं राहिलं आणि मग वळलं.

रंभाबाईचा तळवा थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो उलटा करून गुडघ्यावर ठेवला. गीत सुरू झालं तेव्हा ती उठली आणि ओल्या पायांनी मधल्या वाटेनं मागच्या दारातून बाहेर गेली.

उपासनेनंतर आतल्या खोलीत झगा काढता काढता पाळकसाहेबांनी विचारलं, “त्या बाईंना का नाही दिलंत?”

“शिस्तीत आहेत. जुनं प्रकरण आहे.”

“मला कोणी बोललं नाही. अर्जबिर्ज केला नाही का त्यांनी?”

अर्ज खिशात होता. घामानं ओलसर झाला होता.

“बघावं लागेल,” विश्वनाथ म्हणाला.

म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तो तसाच मागच्या नळावर गेला. रंभाबाईनं साडी खोचली होती आणि पेले बादलीत बुडवत होती. फरशीवर ऊन तिरपं आलं होतं.

“रंभाबाई, माझं चुकलं,” तो म्हणाला.

ती पेले विसळत राहिली.

“अर्ज मी मांडलाच नाही. काल खिशात होता, आत्ताही आहे. तुम्हाला कसं तोंड दाखवू? या सगळ्या लोकांत, खरं सांगतो, सगळ्यांत मोठा पापी…”

आवाज भरून आला होता. चांगला भरून आला होता, आणि एक गुडघा जमिनीकडे वळायला लागला होता. तेव्हा त्याला कळलं की हा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. दर रविवारी दुपारी जेवताना तो हाच काढायचा.

रंभाबाईनं वर बघितलं. “तुमचं झालं असन त थोडं सरका जी. उजेडात उभे हा तुमी. पेले दिसून नाई राहिले.”

तो सरकला.

“आनखी एक,” ती म्हणाली. “अर्जी वापस देऊन टाका.”

“नाही नाही, येत्या सभेत नक्की…”

“द्या.”

त्यानं कागद काढून दिला. तिनं हात पदराला पुसले, घडी उघडली, अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. “जवायाचं अक्षर बेस हाये,” ती म्हणाली. “माहा जवाई कोनाले मागत नाई काई. माह्यासाठी मांगलं त्यानं. बुद्धाचा मानूस, अन् माह्या येशूपाशी हात पसरला. त्याले काय सांगू मी आता?”

विश्वनाथनं कागदासाठी पुन्हा हात पुढे केला.

“मी आता नाई मांगनार,” ती म्हणाली. “झाडाले येईन. काम हाये थे. पन मांगनार नाई. अन् पाय बी नाई देनार कोनाले.”

मग नळाशेजारच्या कट्ट्यावर तिनं तो जाड कागद पसरला, हातानं सपाट केला, आणि धुतलेले पेले एकेक करून त्यावर उपडे ठेवायला लागली. दुसऱ्या रांगेपर्यंत शाई पसरली. ‘प्रभूच्या पंगतीत’वर तीन पेले होते.

“कपडा घ्या,” तिनं त्याच्याकडे न बघता म्हटलं. “उभेच हा त पुसून द्या.”

त्यानं फडकं घेतलं. चौऱ्याहत्तर पेले होते. समोरच्या दारातून मनोहरराव घंगाळ घेऊन बाहेर पडत होते. रिक्षावाला ते धरायला पुढे झाला तर ते नको नको म्हणत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

विश्वनाथ पेले पुसत राहिला. साठाव्या-पासष्टाव्या पेल्याच्या सुमारास, हे कुसुमला कसं सांगायचं, याची वाक्यं त्याच्या डोक्यात जुळायला लागली. फडकं, उपडे पेले, पसरलेली शाई. स्वतःला कुठे किती झोडपायचं, कुठे थांबायचं. चांगली जुळत होती. त्याला स्वतःची किळस आली, आणि ती सांगताना कुठे घालायची तेही त्याला लगेच सुचलं: शेवटी.

“ह्या पेल्याले डाग हाये,” रंभाबाई म्हणाली. “बराबर पुसा.”